गावानं होकार दिला म्हणे

रस्त्याच्या वळणावर जो मोठा फलक लागला होता, त्यात माझं तोंड सगळ्यांत जास्त उघडं होतं. मधोमध पुढारी, हात जोडलेले, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर नुकतीच अंघोळ केल्यासारखी सोज्वळता. त्यांच्या मागे देवळाच्या सभामंडपात हात जोडून उभं असलेलं आमचं गाव. आणि पहिल्या रांगेत, हातात माइक धरून, पडजीभ दिसेल इतका आ वासलेला मी. वर तांबडी अक्षरं : ‘किनारा विकासाला गावाचा एकमुखी होकार!’ येणारेजाणारे स्कूटर थांबवून मला विचारायचे, “काय रे, दातांच्या डॉक्टराकडे गेल्लस तेचो फोटो काय ह्यो?”

मी हसायचो. मला हसायला आवडतं, हसवायला तर त्याहून. पण तो फलक डोळ्यांसमोर आला की आजही माझ्या कानशिलात सणक जाते. फोटो काढला त्या क्षणी मी होकार देत नव्हतो. आमच्यातलं कुणीच देत नव्हतं. आम्ही आमच्या देवाशी बोलत होतो, आणि ते बोलणं कुणीतरी मध्येच उचलून नेलं.

आता क्रमानं सांगतो, नाहीतर रागाच्या भरात शेवट आधी सांगून मोकळा होईन.

आमची वाडी तारकर्लीच्या वाटेवर. पर्यटक आमच्याकडे थांबत नाहीत. माडांच्या पलीकडे समुद्र दिसला की ते गाडीच्या काचा खाली करतात, सुक्या मासळीचा वास आला की वर करतात, आणि पुढे जातात. पुढाऱ्यांच्या मनात आलं की त्यांनी थांबावं. त्यासाठी आमच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, एक दगडी बांध घालायचा, वर फरशीचा फिरायचा रस्ता करायचा, दिवे, बाकडी आणि ज्यांच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात तसली गावाच्या नावाची भलीमोठी अक्षरं बसवायची. कागदावर ते सुंदर दिसत होतं. कागदावर वास येत नाही.

बांध जिथे येणार होता, तिथेच वाडीतल्या बायकांची मासळी वाळते. माझ्या आतेचीही. आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वाडीतच दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बांगडे खारवायचे, वाळवायचे आणि बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, जाऊन बसायचं, हा तिचा संसार. तिच्या घराभोवती माडांची सावली. तिथे बांगडा वाळत नाही, कुजतो. मोकळी वाळू, ऊन आणि वारा हे तिन्ही एका जागी मिळतात ते फक्त त्या पुळणीवर. ती जागा गेली की आतेचा धंदा गेला, इतकं ते सरळ होतं.

वाचणाऱ्यांना तिचा कळवळा येण्याआधी सांगून टाकतो, माझी आते गरीब बिचारी वगैरे नाही. दर हंगामाला बांगडे पसरायची स्वतःची जाळी शेजारणीच्या वाळवणात हळूच वीतभर सरकवणारी बाई आहे. पकडली गेली की म्हणते, “वाऱ्यान सरकली ती.” दगड ठेवून दाबलेली जाळी वाऱ्यानं कशी सरकते, हे विचारायची हिंमत फक्त शेजारणीत आहे, आणि त्या दोघींची भांडणं ऐकायला मी कित्येकदा मुद्दाम तिथे जाऊन बसलो आहे.

माझा स्वतःचा धंदा आवाजाचा. लग्न, जत्रा, क्रिकेटचे सामने, निवडणुका, सगळीकडे माझेच कर्णे आणि बहुतेक वेळा माझाच गळा. एकाच दिवशी सकाळी एका पक्षासाठी ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ आणि दुपारी दुसऱ्यासाठी ‘यांना कायमचे घरी बसवा’ असं मी तितक्याच तळमळीनं सांगितलेलं आहे. त्यामुळे लोकांचं मत कसं तयार होतं ते मी व्यासपीठाच्या बाजूला उभा राहून पाहिलं आहे. सभेत पहिली टाळी कधीही आपोआप पडत नाही. ती वाजवणारा माणूस गाडीतून आणलेला असतो आणि तो नेहमी मधल्या रांगांत बसतो, पुढे नाही, म्हणजे ती टाळी जनतेतून आल्यासारखी वाटते. दुसरी टाळी शेजारच्याची, लाजेखातर. तिसरीपासून लोकमत.

पण टाळीपेक्षा मोठी गोष्ट आमच्याकडे वेगळी आहे. पुढारी आमच्या घरी बाराव्याला येतो. कुणी आजारी पडलं तर इस्पितळात खाट मिळवून देतो. पोरीच्या लग्नात सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, वाढप्याला नावानं हाक मारतो. मग कधीतरी तो दारात येतो आणि म्हणतो, तुमचा पाठिंबा आहे ना? त्या दारात उभं राहून ‘नाही’ म्हणायला किती दम लागतो, हे मतांची मोजणी करणाऱ्यांनी कधी मोजलंय का? मी आवाजाचा धंदा करतो, माझ्याही घशातून तो शब्द निघत नाही.

तर, आधी आली जनमत चाचणी. शहरातून एक तरुण आणि एक तरुणी आले, दोघांच्या अंगात सारखे शर्ट, हातात टॅब. घरोघर फिरले, आणि आमच्याकडे दारात आलेल्याला कोकम सरबत दिल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे दुपारपर्यंत दोघांची पोटं डुचमळत असणार. लोकांनी त्यांना बसवलं, नाव विचारलं, गाव विचारलं आणि पुढे जो काय प्रश्न आला त्याला ‘होय होय’ म्हटलं. पाहुणा एवढ्या उन्हातून आलेला, त्याला नाही कशाला म्हणायचं!

आतेला त्यांनी पुळणीवरच गाठलं. मी तिथे होतो.

“आजी, समुद्रकिनारा सुंदर आणि सुरक्षित व्हावा असं तुम्हाला वाटतं का?” तरुणानं विचारलं.

आते बांगडा उलटता उलटता म्हणाली, “सुंदर म्हणजे काय करतलास?”

“फक्त होय की नाही ते सांगा.”

“आणि माझे बांगडे खंय जातले?”

तो टॅबकडे बघून कसनुसा हसला. “तो पर्याय नाहीये, आजी. होय, नाही, किंवा सांगता येत नाही.”

“अरे, सांगतंय मां तुका! हयसर काय बांधलास तर माझा म्हावरा वाळूचा नाय. ह्या लिव.”

“ते लिहिता येत नाही.”

“मगे काय लिवतलस?”

त्यानं बोटानं टॅबवर टिचकी मारली. ‘सांगता येत नाही.’

आतेनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि तिचा जो स्फोट झाला तो मी माझ्या कर्ण्यावरून लावला असता तर मालवणच्या बंदरावर ऐकू गेला असता. “शिरा पडली तुझ्या तोंडार! मी घसो फाडून सांगतंय, ह्येका ऐकाक येना, आणि लिवता काय तर माका सांगाक येना!” तरुण गडबडीनं निघून गेला. तरुणी मात्र जाताना मागे वळून त्या बांगड्यांकडे बघत राहिली. तिला काहीतरी कळलं असावं. पण तिच्या टॅबमध्येही जागा तेवढीच होती.

चाचणीचा निकाल आला. आकडा मी इथे लिहीत नाही, लिहिला की तो आणखी एकदा छापला जातो. इतकंच सांगतो की आमच्या वाडीत तेवढी एकजूट माणूस गेल्यावर खांदा द्यायलाही होत नाही.

तरीही लोक तेव्हा तेवढे घाबरले नव्हते. बांधाविरुद्ध लेखी हरकती मुदतीच्या आत द्यायच्या, सगळ्यांनी एकत्र तालुक्याला जायचं, असं तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर ठरत होतं. मग आला तो देवळातला दिवस.

पुढारी देवाला नारळ ठेवायला आले. त्यात नवल नाही, सगळेच येतात. आमच्या देवळात नारळ ठेवला की मानकरी गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवासमोर उभा राहून गावाच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कुणी विचार करून म्हणत नाही. जांभई आलेल्याला बघून जांभई यावी तसं ते येतं. कुणाच्या म्हशीला रेडकू होऊ दे, व्हय म्हाराजा. कुणाच्या पोराचा व्हिसा होऊ दे, व्हय म्हाराजा. पोराचं तोंड बघितलेलं नसलं तरी म्हणायचं. दुसऱ्याच्या मागण्यात आपला आवाज मिसळायचा, हीच त्यातली माणुसकी आहे.

मानकऱ्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, आज हे पाव्हणे तुझ्या पायाकडे इले हत!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या मनात जा काय काम आसा, ता तडीक ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या आड कोण येत असात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी पहिल्या रांगेत होतो, माइक माझ्या हातात होता आणि माझा गळा सगळ्यांत मोठा. कामात जीव ओतायची सवय, दुसरं काय. समोर एक फोनवाला चित्रण करत होता. जत्रेत काय, बारशात काय, हल्ली सगळीकडे कुणीतरी फोन धरून उभा असतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चित्रण प्रत्येकाच्या फोनवर. त्यात मानकऱ्यांचा आवाज काढून टाकलेला. त्याऐवजी पुढाऱ्यांच्या एका भाषणातला प्रश्न : “किनारा विकास झाला पाहिजे की नको?” आणि त्यावर आम्ही, घसा ताणून, डोळे मिटून, भक्तिभावानं : “व्हय म्हाराजा!” पुन्हा प्रश्न, पुन्हा आम्ही. मागे ढोल. त्यातलंच एक चित्र संध्याकाळपर्यंत वळणावरच्या फलकावर चढलं.

मी ते पाहिलं आणि हातातला चहा सांडला. आम्ही ‘महाराज’ म्हटलं ते कुणाला, आणि तिथे बसला कोण! निवडणुकीत माणसं खोटं बोलतात, मी स्वतः त्यांचं खोटं कर्ण्यावरून वाटलेलं आहे, मला सोवळेपणा सांगायचा नाही. पण प्रार्थना करणाऱ्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. डोळे मिटलेल्याच्या खिशात हात घालणाऱ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे आणि तो ‘नेता’ नव्हे.

मला वाटलं, आता वाडी पेटणार. टपरीवर गेलो तर लोक तापलेले होतेच. शिव्या चालू होत्या, काही नव्याही ऐकल्या. मी म्हटलं, “चला तर मगे, उद्याच जाऊन हरकती देवया.”

आणि सगळे एकदम चहात बघायला लागले.

शेवटी एक जण म्हणाला, “तसा नाय रे. देवासमोर म्हटला आसा.”

“तुम्ही बांधाक व्हय म्हटलास काय?”

“तेंच्या मनातला काम तडीक ने म्हटलंव. तेंच्या मनात बांधच होतो मां!”

“आणि आड येतलो तेका बाजूक कर म्हटलंव,” दुसऱ्यानं भर घातली. “आता आपणच आड गेलंव तर देव कोणाक बाजूक करतलो?”

चुकीचं मोजलं, खोटं छापलं, ते निस्तरता आलं असतं. पण इथे उलटं घडलं होतं. आधी होकार छापला गेला आणि तो वाचून वाडीच्या मनात होकार उतरला. कालपर्यंत ज्यांना बांध नको होता, त्यांना तो आजही नकोच होता, पण नको म्हणायची आता भीती वाटायला लागली होती. लोकांचं मत मोजायला निघालेल्यांनी ते मोजलं नाही, पेरलं. आणि वर आमच्याच देवाचं पाणी घातलं.

आमच्या पलीकडच्या वाडीत एक निवृत्त ख्रिश्चन मास्तर आहेत, मूळ गोव्याकडचे. त्या दिवशी तेही देवळात होते. जत्रेला नारळ देणारं त्यांचं घर आहे. मला वाटलं, यांना तरी काही अडचण नसावी. गेलो त्यांच्याकडे. ते बागेत पोफळीला पाणी घालत होते.

“मास्तर, तुमचो देव वेगळो. तुम्ही तरी हरकत द्या.”

त्यांनी झारी खाली ठेवली. “देव वेगळो, पण तोंड माझाच होता मां? फोटोत दिसता. हे हात बघ, जोडलेले आसत. आता पाद्रीबाबाक काय सांगू?”

मग मी मानकऱ्यांकडे गेलो. त्यांना म्हटलं, तुम्हीच गावाला सांगा की ते गाऱ्हाणं म्हणजे होकार नव्हे. ते ओटीवर बसून नाकात तपकीर ओढत होते. “मी देवाक सांगलंय, पुढाऱ्याक नाय.”

“ह्याच सांगा मां सगळ्यांका!”

“ता मी कसा सांगू? देवाच्या आणि गावाच्या मधे मी बोलतंय. गावाच्या आणि पुढाऱ्याच्या मधे मी खंय बोलतंय?”

“मगे देवाक कौल तरी लावून विचारा.”

“ज्या कामाचा गाऱ्हाणा घातला, तेच्यावर लगेच उलटो कौल मागूचो नाय.”

हा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पण मानकऱ्यांच्या मुलाचं नोकरीचं काम पुढाऱ्यांकडे अडकलेलं होतं, हे मी ऐकलं होतं. ओटीवरून उतरताना मी त्यांची चप्पल लाथेनं अंगणात उडवली. त्यांना वाटलं, चुकून लागली.

वाडीत एकच माणूस असं होतं ज्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलेलं नव्हतं. आते त्या दिवशी देवळात आलीच नव्हती. बांगडे उन्हात सोडून आली असती तर कावळ्यांनी जेवण उरकलं असतं. “माका देवान विचारूक नाय, मी तेका सांगूक नाय,” ती म्हणाली. “चल, तालुक्याक जावया.”

आमच्याकडे माणूस कचेरीत शिरला की त्याची भाषा बदलते. मालवणी बाहेर चपलांपाशी राहते. आतेनं लग्नातलं लुगडं नेसावं तशी ती पुस्तकी मराठी चढवली आणि टेबलापाशी उभी राहिली. “साहेब, माझी हरकत आहे.”

कारकुनानं कागद चाळले. “तुमच्या गावाचा तर होकार आहे. चाचणी आहे, चित्रफीतही जोडलेली आहे. एकट्याच तुम्ही?”

“एकटीच आहे. नवरा वारला.”

“तसं नाही आजी, हरकत एकटीचीच का?”

“मग किती जणांची लागते?”

लागत एकाचीच होती. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि म्हणाला की जागेची पाहणी होईल, अधिकारी येतील. बाहेर पडल्या पडल्या आतेनं मराठी उतरवली. “मेलो म्हणता एकटीच काय! माझे बांगडे वाळवूक काय अख्खो गाव येता?”

पाहणीच्या दिवशी मात्र अख्खा गाव आला. हरकत घ्यायला नाही, बघायला. बघण्याला देवाची काही मनाई नव्हती. कोणी माडाला टेकून, कोणी होडीच्या कडेला बसून, मास्तर छत्री उघडून. शेजारीण आणि बाकीच्या बाया आपापल्या वाळवणापासून जरा लांब उभ्या, जणू त्या मासळीशी त्यांचा संबंधच नाही. हे पाहून माझ्या अंगाची लाही झाली. आपल्या घामाला परकं म्हणायची वेळ माणसावर कोण आणतं?

अधिकारी म्हणून एक बाई आल्या होत्या. चष्मा, डोक्यावर रुमाल, बरोबर एक लिहिणारा. पुढाऱ्यांचा कार्यकर्ताही हजर, फोन पुढे करून. “मॅडम, आधी ही चित्रफीत बघा. गावाची भावना स्पष्ट आहे.”

“भावना नंतर,” बाई म्हणाल्या. “ही मासळी कुणाची आहे?”

एवढा साधा प्रश्न. इतक्या दिवसांत आम्हाला तो कुणी विचारलाच नव्हता. सगळे विचारत होते, तुम्हाला काय वाटतं. हे सगळं कुणाचं आहे, हे कुणी नाही.

बाया पदर सावरत आणखी एक पाऊल मागे सरल्या. कार्यकर्त्यानं संधी साधली. “मॅडम, हे सगळं या एकट्या बाईंचंच आहे. हरकत यांचीच. बाकी गावाचा इथे काही संबंध नाही.”

बाईंनी आतेकडे पाहिलं. “खरं का? हे सगळं तुमचं?”

आता खरं उत्तर होतं, माझं एवढंच, ते पलीकडचं हिचं, ते तिचं. मी आतेच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या बांगड्यांवरून, सुक्या जवळ्यावरून, मुशीच्या फोडींवरून सावकाश नजर फिरवली. शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं मान फिरवली. आणि आते शांतपणे म्हणाली,

“होय बाईसाहेब. सगळं माझंच आहे. लिहा.”

लिहिणाऱ्यानं पेन टेकवलं.

“अगो ए!” शेजारीण अशी उसळली की मास्तरांची छत्री हलली. “तुझा कसा गो? ते बांगडे माझे! माझ्या झिलान आणलेले!”

“मगे इतको वेळ थंय कित्याक उभी ऱ्हवलंस?” आते म्हणाली.

“बाईसाहेब, लिहू नका! ही जाळी माझी, हिच्यावर माझी खूण आसा, बघा!”

“आणि हा जवळो माझो,” दुसरी धावत आली. “हिच्या बापाशीचो काय?”

“ती मुशी आमची!”

“मागल्या वर्षी माझी अर्धी जागा खाल्लंस, आता सगळीच खातंस?”

मग जो गदारोळ झाला! माडाला टेकलेले पुरुष सरळ झाले, आपापल्या घरच्या बायकांच्या मागे येऊन उभे राहिले, कारण मासळी लिहिली जात होती आणि ती दुसरीच्या नावावर जात होती. देवाला दिलेला शब्द बांधाबद्दलचा होता. बांगड्यांबद्दल कुणी काही म्हटलेलं नव्हतं. मास्तरांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकानं वाळूत रेघ ओढून दाखवली, “मॅडम, हयपासून थंयपर्यंत आमच्या घरच्यांचा. माझ्या आईपासून.” लिहिणाऱ्याला पान उलटायला सवड मिळेना. बाई एकेकीला पुढे बोलावत होत्या : किती वर्षं वाळवता, दुसरी जागा आहे का, विक्री कुठे करता. कुणालाही त्यांनी बांध हवा की नको विचारलं नाही. कार्यकर्ता फोन खिशात घालून समुद्राकडे बघत उभा होता.

आणि आते? आते खाली बसून बांगडे उलटत होती.

पुढे बाईंच्या अहवालावरून नकाशा बदलला. फिरायचा रस्ता आमच्या पुळणीच्या आधीच आत वळवायचा ठरला. कागद आला त्या दिवशी मी आतेला वाचून दाखवला. ती म्हणाली, “बरा झाला,” आणि शेजारणीच्या दिशेला थुंकली, कारण शेजारीण अजून तिच्याशी बोलत नव्हती. आते सगळी मासळी आपली म्हणाली, हे शेजारणीनं मनाला लावून घेतलं होतं. बांध थांबला तो त्याच वाक्यामुळे, हे तिला सांगायला मी गेलो तर मलाच दोन शब्द ऐकवले.

मग आला कार्यकर्ता. माझ्याकडे, कर्ण्याच्या घोषणेसाठी. कागदावर मजकूर होता : ‘लोकभावनेचा आदर करून आपल्या लाडक्या नेत्यांनी मच्छीमार भगिनींची जागा वाचवली.’ शिवाय आतेला पुढाऱ्यांच्या शेजारी उभं करून फोटो काढायचा होता.

मी पुळणीवरच होतो, आतेजवळ. मजकूर वाचला. मोठ्यानं, नेहमीच्या कामाच्या सुरात, एकेका शब्दाला उचलून वाचला, आणि ‘लोकभावनेचा’ या शब्दावर मला हसू फुटलं.

“लोकांक विचारलास कधी?” मी म्हटलं.

तो निर्मळपणे म्हणाला, “विचारूचा काय तेच्यात? मासळी समोर दिसता मां!”

“तीन महिन्यांपूर्वी दिसत नव्हती?”

“तेव्हा होकार होतो,” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीची एक रेषही नव्हती. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. तेव्हा आमचा होकार होता, आता आमची भावना आहे, आणि दोन्ही वेळा त्याचा नेता बरोबर आहे. मला तिथल्या तिथे त्याच्या तोंडात एक खारा बांगडा कोंबावासा वाटला. मी कागद फाडला आणि त्याला जे बोललो ते छापायच्या लायकीचं नाही. धंदा त्या दिवसापासून हातचा गेला. त्यांच्या सभांना हल्ली दुसऱ्याचा कर्णा असतो, आणि त्याचा आवाज, सांगतो, फुटलेला आहे.

“आणि फोटो?” जाता जाता कार्यकर्त्यानं आतेला विचारलं.

आतेनं मान वर केली नाही. “आज नाय. आज ऊन बरा आसा.”

तो गेल्यावरही मी बडबडत राहिलो. खोटारडे, चोर, आमच्या तोंडात आपले शब्द घालणारे, आमच्याच डोळ्यांदेखत. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. शेवटी आतेनं एक जाळी माझ्या पायापाशी सरकवली.

“झिला, तोंडान बांगडे उलटत नाय. हात लाव.”

मी खाली बसलो. हात लावला. तोंड मात्र बंद झालं नाही.